सापडलेली वस्तू वापरण्याआधी: वावरातली पोत, फाट्यावरचा मोबाईल, दारात आलेली गाय

कापसाची वेचणी लागली की दरवर्षी कुठल्या ना कुठल्या वावरात कानातलं हरपतं. डोक्याचा दुपट्टा सोडताना फुली निसटते, पोत पऱ्हाटीच्या फांदीत अडकून तुटते, आणि घरी जाऊन गळ्याला हात लावेपर्यंत बाईच्या ध्यानातही येत नाही. पंधरा-वीस दिवसांनी दुसऱ्या वेच्याला ती भलत्याच कुणाच्या हाती लागते. आता ती कुणाची? वेचणारीची, वावराच्या मालकाची, की जिची हरपली तिची? जिची हरपली तिची. वस्तू हातातून पडली म्हणून मालकी पडत नाही. अवघड आहे ते पुढचं: जिला सापडली तिनं काय करायचं, किती दिवस सांभाळायचं, आणि मालकीण आलीच नाही तर वापरायची की नाही.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७१ इथे लागू होतं. पडलेली वस्तू उचललीच पाहिजे असं बंधन कुणावर नाही. पण एकदा उचलून ताब्यात घेतली की तुम्ही तिचे राखणदार झालात. कुणी विश्वासानं ठेवायला दिलेली वस्तू जशी जपायची, तशीच ही जपायची. तेवढ्याच मोलाची स्वतःची वस्तू साधारण शहाणा माणूस जितकी सांभाळेल, तितकी काळजी कायद्याला पुरते. ती घेऊनही घरफोडीत वस्तू गेली तर तुमच्याकडे भरपाई मागता येत नाही. ओसरीवर खुंटीला टांगून ठेवली आणि गेली तर मागता येते. राखणदाराला वापराचा हक्क मात्र नाही. सापडलेल्या सायकलीवर बाजार करून आलात आणि वाटेत रिम वाकली, तर ते नुकसान तुमच्या माथी.

फौजदारी बाजू १ जुलै २०२४ पासून कडक झाली आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४०३ मध्ये दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे आपली करण्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही होतं. म्हणजे नुसत्या दंडावरही सुटता येत होतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं कैद, आणि वर दंड. हा बदल गावोगावी फार कमी लोकांना माहीत आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

याच कलमाच्या स्पष्टीकरणात सापडलेल्या वस्तूचा वेगळा विचार आहे. मालकाला परत द्यायच्या किंवा त्याच्यासाठी जपायच्या हेतूनं उचललं तर गुन्हा नाही. मालक माहीत असताना, किंवा माहीत करून घ्यायची सोय असताना, ती वस्तू आपली केली तर गुन्हा. मालकाचा वाजवी शोध न घेता, त्याला कळवण्याची धडपड न करता, वाजवी काळ न थांबता आपली केली तरी गुन्हाच. कायद्यानं दिलेली उदाहरणं बोलकी आहेत. रस्त्यावर एक रुपया सापडला, कुणाचा ते ठाऊक नाही, उचलला: गुन्हा नाही. मोलाची अंगठी सापडली, कुणाची ठाऊक नाही, पण शोधायचा काहीच प्रयत्न न करता लगेच विकली: गुन्हा. कुणाचं तरी पाकीट पडताना पाहिलं, परत द्यायला म्हणून उचललं आणि नंतर मन फिरलं: तोही गुन्हा. म्हणजे उचलतानाचा हेतू चांगला होता एवढ्यानं भागत नाही. वस्तू हातात असेपर्यंत तो चांगलाच राहायला हवा.

आणि इथेच खेडं शहरापेक्षा वेगळं पडतं. नागपूरच्या सीताबर्डीत पडलेल्या अंगठीचा मालक कोण, हे खरोखर कळणार नाही असं होऊ शकतं. पण दीडशे उंबऱ्यांच्या गावात, पांदणीवर सापडलेल्या पैंजणाचा मालक कळत नाही हे कुणालाही पटणार नाही, न्यायाधीशालाही नाही. त्या पांदणीनं कोणाकोणाच्या बंड्या जातात, कुणाच्या वावरात त्या आठवड्यात निंदण होतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ‘माहीत करून घ्यायची सोय’ गावात जवळजवळ नेहमीच असते. म्हणून माझं मत असं की खेड्यात सापडलेली वस्तू गुपचूप वापरण्याला सबबच उरत नाही.

एक फरक मात्र आधी समजून घ्यावा. हरपलेली वस्तू वेगळी आणि विसरलेली वेगळी. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर राहिलेला मोबाईल, पिठाच्या गिरणीत राहिलेली पिशवी, दवाखान्याच्या बाकावरचं पाकीट, या गोष्टी त्या जागेच्या माणसाच्या ताब्यात आहेत असं धरलं जातं. तिथून उचलून खिशात घातली तर ती थेट चोरी, कलम ३०३. अशी वस्तू घरी नेऊ नये. दुकानदाराला दाखवून तिथेच ठेवावी, कारण विसरलेला माणूस पहिल्यांदा तिथेच परत येतो.

शोध कसा घ्यायचा, यात बहुतेकांची एकच चूक होते: सगळंच सांगून टाकतात. पोतीचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला की संध्याकाळपर्यंत तीन जणी ‘माझीच’ म्हणत येतात, आणि खरी कोण हे ओळखायचं साधनच हातात उरत नाही. फोटो काढावा, पण स्वतःजवळ ठेवावा. दवंडी, ग्रामपंचायतीचा भोंगा किंवा ग्रुप, जे काही असेल, त्यावर एवढंच सांगावं: ‘अमुक दिवशी अमुक शिवारात गळ्यातली एक वस्तू सापडली आहे, ओळख पटवून न्यावी.’ मणी किती, डोरलं कसं, दोरा कुठल्या रंगाचा, तुटली कुठे, हे विचारायचं, सांगायचं नाही. रोकड असेल तर रक्कम, नोटा कुठल्या, कशात बांधल्या होत्या, रबर होतं की धागा, हे राखून ठेवावं. खरा मालक आकड्यात थोडा चुकू शकतो, पण पिशवीवर कुठल्या दुकानाचं नाव होतं हे त्याला आठवतं.

त्याआधी, म्हणजे उचलल्या उचलल्या, दोन माणसांना बोलावून त्यांच्यासमोर मोजावं. कागदावर तारीख, वेळ, जागा (गट नंबर ठाऊक असेल तर तोही), वस्तूचं वर्णन आणि दोघांच्या सह्या. हा कागद तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा. उद्या कुणी म्हणालं की पाकिटात दहा हजार होते आणि तुम्ही सहाच दिले, तर हाच कागद कामी येतो. परत देतानाही घेणाऱ्याची सही किंवा अंगठा, गाव, तारीख आणि एक साक्षीदार घेतल्याशिवाय देऊ नये. घेणारा ओळखीचा असला तरी.

‘वाजवी काळ’ किती, याचा आकडा कायद्यात नाही. वस्तूचं मोल आणि मालक शोधण्याची शक्यता यावर ते ठरतं. गावाकडे आठवडी बाजार हे चांगलं माप आहे. आजूबाजूच्या पंधरा-वीस खेड्यांची माणसं त्या दिवशी एकत्र येतात, म्हणून निदान चार बाजार तरी पुकारा व्हावा. जत्रेत सापडलेल्या वस्तूला हे माप लागत नाही. चांदूर बाजार तालुक्यातल्या बहिरमला किंवा महाशिवरात्रीला गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याला माणूस तीन-चार जिल्ह्यांतून आलेला असतो, परत बहुधा पुढच्याच वर्षी येतो. जत्रेतली वस्तू तिथल्याच पोलीस चौकीत द्यावी, घरी आणू नये.

सोन्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण मोह तिथेच होतो. अलीकडच्या दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी कोरलेला असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपमध्ये तो टाकला की कुठल्या सराफानं हॉलमार्क करून घेतला, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता काय, हे दिसतं. मालकाचं नाव दिसत नाही, पण सराफ कळला की त्याच्या बिलबुकातून मालक सापडायला वेळ लागत नाही. अक्षरं फार बारीक असतात, मोबाईलच्या कॅमेऱ्यानं मोठं करून वाचावी लागतात. जुन्या दागिन्यावर एचयूआयडी नसतो, पण कडीवर किंवा फिरकीच्या मागे सोनाराचा छाप असतो. तालुक्याचे जुने सोनार एकमेकांचे छाप ओळखतात. सोनाराकडे जायचं ते विचारायला. मोडायला गेलात तर कलम ३१४ तुम्हाला लागतंच, आणि जाणूनबुजून घेणाऱ्या सोनारालाही चोरीचा माल घेतल्याचं कलम ३१७ लागतं, कारण अशा रीतीनं लाटलेली वस्तूही कायद्याच्या भाषेत ‘चोरीची मालमत्ता’च आहे. शिवाय ज्याची स्वतःची मालकी नाही त्याच्याकडून विकत घेणाऱ्यालाही मालकी मिळत नाही. मालक तीन वर्षांनी उगवला तरी दावा लावू शकतो. त्याची तीन वर्षांची मुदत वस्तू कुणाकडे आहे हे त्याला कळल्या दिवसापासून मोजतात.

सापडणाऱ्याला काहीच हक्क नाही असंही नाही. १७२२ मध्ये लंडनला धुराडी साफ करणाऱ्या एका पोराला रत्नाचा दागिना सापडला. त्यानं तो किंमत करायला सोनाराकडे नेला, तर तिथल्या शिकाऊ पोऱ्यानं खडे काढून घेतले आणि नुसतं कोंदण परत केलं. आर्मरी विरुद्ध डेलामिरी नावाच्या या खटल्यात न्यायालयानं पोराच्या बाजूनं निकाल दिला: खरा मालक सोडून बाकी साऱ्या जगापुढे सापडणाऱ्याचा हक्क वरचढ. कायद्याचं शिक्षण घेणाऱ्याला हा निकाल आजही भारतात शिकवतात. गावातल्या दांडग्यानं ‘आण इकडे, मी पाहतो’ म्हणून वस्तू काढून घेतली, तर तिथे हेच तत्त्व लागू होतं.

मालक मिळाला नाही, किंवा वस्तू मोलाची असेल, तर पोलीस पाटलांना सांगून ठाण्यात द्यावी. बेवारस मालमत्ता ताब्यात घेणं हे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ८२ प्रमाणे पोलिसांचं कर्तव्य आहे, उपकार नाही. लोक घाबरतात ते ‘तुझ्याकडे आली कुठून’ या प्रश्नाला, आणि ती भीती खोटी नाही. म्हणूनच तोंडी जाऊ नये. साध्या कागदावर अर्ज करावा: नाव-गाव, कधी, कुठे, काय सापडलं, कोण हजर होतं, मालकाचा शोध कसा घेतला, सोबत दोघांच्या सह्यांचा तो कागद. अर्जाच्या दोन प्रती न्याव्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन पोच परत आणावी. पोच नसेल तर वस्तू दिली याला पुरावा नाही. पुढे प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातं, जाहीर घोषणा निघते, सहा महिन्यांत कुणी हक्क सांगितला नाही तर वस्तूची विल्हेवाट सरकार लावतं. एसटीत सापडलं तर वाहकाकडे किंवा आगारात, रेल्वेत सापडलं तर स्टेशन मास्तर किंवा रेल्वे सुरक्षा दलाकडे. पद्धत तीच, पोच घेऊन.

मोबाईल सापडला तर पहिलं काम चार्जिंग. बंद पडलेल्या फोनवर मालक किती वेळा रिंग देणार? आलेला फोन उचलून गाव सांगावं, ओळख विचारावी. आपलं सिम त्यात घालून पाहणं ही सर्रास होणारी आणि महागात पडणारी चूक. मालकानं तक्रार देऊन ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर फोन नोंदवला असेल तर तो कुठल्याही कंपनीच्या नेटवर्कवर चालत नाही, आणि त्यात नवं सिम पडताच ते कुणाच्या नावावर आहे याची माहिती पोलिसांपर्यंत जाते. फोनचा १५ अंकी ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय, बदलून देणारे भेटतात; २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. बाजारात जुना फोन घेणाऱ्यांनी स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय काढावा, केवायएम असं लिहून पुढे तो क्रमांक टाकावा आणि १४४२२ वर एसएमएस करावा. फोन काळ्या यादीत असला तर लगेच कळतं.

आता गुरं. शहरातल्या लेखांत हा विषय येत नाही, पण आपल्याकडे सगळ्यात जास्त भांडणं यावरूनच होतात. संध्याकाळी आखरावरून, म्हणजे गावची गुरं जमतात त्या जागेवरून, एखादी परकी गाय आपल्या ढोरांसोबत दारात येते. आधी कान पाहावा. पिवळ्या बिल्ल्यावर बारा अंकी क्रमांक असतो; तो पशुवैद्यकीय दवाखान्यात दिला की नोंदीतून मालक निघतो. अडचण अशी की बाजारात विकलेल्या जनावराची नोंद पुष्कळदा बदललेलीच नसते आणि नाव जुन्या मालकाचं निघतं. तरी त्याला फोन करावा, कुणाला आणि कुठल्या बाजारात विकली हे तो सांगतो. बिल्ला नसेल तर शेजारच्या दोन-चार गावांच्या गायकींना, म्हणजे गुराख्यांना, विचारावं. गायकी शिंगावरून, कपाळाच्या चांद्यावरून जनावर ओळखतो.

तोवर ते जनावर आपल्या गोठ्यात मिसळू नये. लाळ्या-खुरकूत, लम्पी कुठून येईल सांगता येत नाही. दोन-तीन आठवडे दावण, पाणी आणि चारा वेगळा. दुभती असेल तर दोहनं थांबवू नये, कासेत दूध तुंबलं की सूज येते. दूध काढावं, पण ते तुमचं उत्पन्न नव्हे. वहीत एकीकडे कुटार-ढेप आणि औषधाचा खर्च, दुसरीकडे रोजचं दूध, असा हिशेब ठेवावा. करार कायद्याच्या कलम १६३ मध्ये उदाहरणच गायीचं आहे: सांभाळायला दिलेली गाय व्याली, तर गायीसोबत वासरूही परत द्यायचं. चारा तुम्ही घातला म्हणून वासरू तुमचं होत नाही. खर्चाबद्दल कलम १६८ आहे. जपण्याचा आणि मालक शोधण्याचा खर्च मिळावा म्हणून दावा लावता येत नाही, पण खर्च मिळेपर्यंत जनावर रोखून धरता येतं. खर्चातून दुधाचे पैसे वजा करून मागितले तर कुणी भांडायला उभं राहत नाही, असं मला वाटतं. बैल असेल तर औताला जुंपू नये. खांदा सुजला, पाय मोडला तर त्याची किंमत तुम्ही देणार. ठेवून घेणं जमत नसेल तर ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात टाकून पावती घ्यावी.

ट्रॅक्टरवरून पडलेला सोयाबीनचा कट्टा किंवा टोमॅटोचं कॅरेट सापडलं तर वेगळी सवलत आहे. वाजवी शोध घेऊनही मालक मिळत नसेल आणि माल नासण्याच्या किंवा त्याचं बरंचसं मोल जाण्याच्या बेतात असेल, तर कलम १६९ प्रमाणे तो विकता येतो. सांभाळण्याचा खर्च किमतीच्या दोन-तृतीयांशावर पोचला तरी विकता येतो. विकल्याची पावती आणि पैसे मालकासाठी बाजूला. पुरात वाहून आलेले पाईप, मोटारपंप हेही वरच्या गावातल्या कुणाचे तरी असतात. पंपावरचा क्रमांक विक्रेत्याला दाखवावा. वर्धा, वैनगंगा, इंद्रावतीत वाहून आलेलं लाकूड मात्र भारतीय वन अधिनियमाच्या कलम ४५ नुसार, कुणी हक्क सिद्ध करेपर्यंत, सरकारचं. ते घरी नेऊन चौकट करण्याआधी वन खात्याला कळवावं.

रोकड सापडली की पुष्कळ भली माणसं ती देवळाच्या दानपेटीत टाकतात. परक्या धनाचा वाटा नको, ही भावना मला कळते आणि तिच्याबद्दल आदरही आहे. पण विचार करा, ते पैसे कुणाचे? बँकेतून पीक कर्ज काढून निघालेल्या कास्तकाराचे असतील, बचत गटाचा हप्ता भरायला निघालेल्या बाईचे असतील. दुसऱ्याच्या पैशानं दान होत नाही. पेटीत पडल्यावर मालक आला तरी ते काढून देता येत नाहीत. खात्यात चुकून आलेल्या पैशालाही हेच लागू: करार कायद्याचं कलम ७२ चुकून मिळालेली रक्कम परत करायला सांगतं. बँकेला लेखी कळवावं आणि रक्कम हलवू नये. फोनवरून ‘चुकून आले, या नंबरवर परत टाका’ म्हणणाऱ्याला मात्र परस्पर काही पाठवू नये; त्यात फसवणूक फार चालते, बँकेमार्फतच परत करावं.

जमिनीत सापडलेल्या गोष्टीचा कायदा वेगळा. विहीर खोदताना, पाया काढताना गडगंज नाणी लागली तर १८७८ चा निखात निधी कायदा लागतो. जमिनीत पुरलेल्या, दहा रुपयांहून जास्त मोलाच्या कुठल्याही वस्तूची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची: काय आणि अंदाजे किती मोलाचं, कुठे, कोणत्या तारखेला. माल सरकारी कोषागारात जमा करायचा किंवा हजर करण्याची हमी द्यायची. लपवलं तर हिस्सा जातो आणि वर्षापर्यंत कैद होऊ शकते. निधी बेवारस ठरला आणि जागेच्या मालकानं हक्क सांगितला, तर तीन-चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि उरलेला जागामालकाला. सरकारला हवा असेल तर ते किमतीच्या वर एक-पंचमांश देऊन घेऊ शकतं. म्हणजे खबर देण्यात तोटा नाही. नाणी वाटून घेतली की नुकसान पैशापलीकडचं होतं. १९३९ साली मंगरुळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या दीड हजारांहून जास्त नाण्यांचा साठा निघाला. तो अभ्यासकांपर्यंत पोचला म्हणून त्या घराण्याच्या राजांबद्दल नवी माहिती मिळाली. सुटं नाणं भंगाराच्या मोलाचं, साठा एकत्र राहिला तरच तो बोलतो.

कागदपत्रं, आधार, पासबुक, मार्कशीट सापडली तर त्यांचा उघडा फोटो कुठेही फिरवू नये. नंबर झाकून नाव-गाव तेवढं कळवावं, किंवा पत्त्यावर स्पीड पोस्टानं पाठवून द्यावं. अपघाताच्या जागी मृताच्या अंगावरचं, आजूबाजूला पडलेलं काही उचललं तर न्याय संहितेचं वेगळं कलम, ३१५, आणि तीन वर्षांपर्यंत कैद. तिथे फक्त पोलिसांच्या हातात.

बक्षिसाचं सांगायचं तर, मालकानं ठरावीक बक्षीस जाहीर केलं असेल तर ते मागण्याचा, त्यासाठी दावा लावण्याचाही सापडणाऱ्याला हक्क आहे. पण ते ठाऊक असायला हवं. १९१३ च्या लालमन शुक्ला खटल्यात मालकाचा हरवलेला पुतण्या शोधून आणणाऱ्या नोकराला अलाहाबाद उच्च न्यायालयानं ५०१ रुपये नाकारले, कारण मुलगा शोधला तेव्हा बक्षिसाची त्याला खबरच नव्हती. जाहीर केलेलं नसेल तर बक्षीस मालकाच्या मर्जीवर. तरी मजुरी पाडून कुणी तालुक्याला दोन हेलपाटे घातले असतील, तर तिकीट आणि रोज देणं मालकाचं काम आहे, न मागता.

वावरात मजुराला वस्तू सापडते तेव्हा ‘माझ्या वावरात सापडली, माझ्याकडे दे’ असं कास्तकार म्हणतो आणि मजूर बिचारा देऊन टाकतो. इंग्लंडात १८९६ मध्ये तळं साफ करणाऱ्या मजुरांना सापडलेल्या अंगठ्या जागामालकाच्या ठरल्या होत्या, त्यामुळे कास्तकाराचं म्हणणं अगदीच निराधार नाही. पण हा वाद मालक सापडला नाही तरच उभा राहतो, आणि मालक शोधण्याचं काम दोघांचं सारखंच आहे. वस्तू कास्तकाराच्या कपाटात गेली तरी सापडल्याच्या कागदावर दोघांची नावं हवीत, आणि ‘कोणास सापडली’ या ओळीत त्या मजुराचं, वेचणाऱ्या बाईचं नाव. उद्या चौकशी झाली तर तिच्यावर आळ येणार नाही, बक्षीस जाहीर झालं तर ते तिच्याच हातात पडेल, आणि जमिनीतला निधी असेल तर तिचा तीन-चतुर्थांश मागायला तिच्याजवळ कागद असेल.